दाराआडचा आवाज

त्या रात्री आईच्या खोलीचं दार चार बोटं उघडं होतं. आत दिवा होता. आई कपड्यांच्या घड्या घालत स्वतःशीच गुणगुणत होती, मध्येच थांबून एखादं वाक्य पुटपुटत होती, पुन्हा गुणगुणत होती. बाहेर पॅसेजच्या अंधारात मी आणि माझी सात वर्षांची लेक भिंतीला पाठ लावून बसलो होतो. तिला वाईट स्वप्न पडून झोप उडाली होती, आणि अशा वेळी तिला गादीपेक्षा पॅसेजमधली गार फरशी बरी वाटते. दाराच्या फटीतून उजेडाची अरुंद पट्टी निघून समोरच्या भिंतीवर चढली होती, दोरी मारून आखावी तशी सरळ. पट्टीच्या आत रंगाचे पोपडेसुद्धा दिसत होते, आणि बाहेर बोटभर अंतरावर काळोख. आईचं गुणगुणणं मात्र कुठल्या पट्टीत मावलेलं नव्हतं. ते पॅसेजभर होतं, जिन्याकडे होतं, आम्ही पांघरलेल्या चादरीतही होतं. लेकीनं पट्टीत हात घातला, बाहेर काढला, पुन्हा घातला आणि विचारलं, "आजीचा आवाज इथपर्यंत येतो, मग आजी का दिसत नाही?"

"आवाज वळतो गं. उजेड सरळ जातो," मी म्हणाले. तेवढ्यानं तिचं समाधान झालं. थोड्या वेळानं माझ्या खांद्यावर तिची मान कलली. मला मात्र ते वाक्य टोचत राहिलं. लहानपणी मलाही कुणीतरी हेच सांगितलं होतं, आणि ते अर्धंच खरं आहे हे कळायला बरीच वर्षं गेली होती. उजेडही वळतो. त्याच दाराच्या कडेशी, त्याच फटीत, त्या क्षणीसुद्धा तो वळत होता. फक्त इतका थोडा, की आमच्या डोळ्यांना त्याचा पत्ता नव्हता. झोपेला आलेल्या मुलीला सोपं उत्तर देऊन मी मोकळी झाले होते, आणि आता ती ते उत्तर खरं मानून पुढची कित्येक वर्षं जपणार होती.

लाट कडेपाशी किती वळेल, हे लाटेची लांबी आणि फटीची रुंदी यांच्या नात्यावर ठरतं. बोलणाऱ्या बाईचा मूळ सूर साधारण 200 हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला 200 कंपनांचा असतो. आवाज हवेतून सेकंदाला 343 मीटर जातो, म्हणजे त्या सुराची एक लाट पावणेदोन मीटर लांब झाली. माझ्या आईपेक्षा तिच्या आवाजाची लाट उंच. एवढी मोठी लाट चार बोटांच्या फटीतून बाहेर पडते तेव्हा ती फटीला जुमानत नाही. ती फटच जणू नवा उगम होते आणि लाट तिथून अर्धवर्तुळात सगळीकडे पसरते. उजेडाची लाट मात्र एका मिलिमीटरमध्ये दोन हजार बसतील एवढीशी. तिच्या मानानं चार बोटं म्हणजे एक लाख चाळीस हजार लाटा मावतील असं मैदान. एवढ्या मैदानातून जाताना कडांची दखल कोण घेणार? कडेला लागून जाणारा थोडासा उजेड वाकतो, बाकीचा सरळ निघून जातो. दोघांचा नियम एकच आहे, विवर्तनाचा, म्हणजे लाटेनं कडेपाशी वळण्याचा. आवाज उदार आणि उजेड हट्टी असं काही नाही. एकाची लाट माणसाच्या मापाची आहे, दारं-खिडक्यांच्या मापाची आहे; दुसऱ्याची नाही.

आणि वळणं ही अर्धीच गोष्ट. त्या पॅसेजमध्ये आईचा आवाज आमच्यापर्यंत यायला भिंतींनीही हातभार लावला होता. दोन्ही लाटा भिंतीवर आपटून परततात, आणि ज्या कोनानं आल्या त्याच कोनानं परततात, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. मग भिंतीत तोंड का दिसत नाही? कारण आरसा व्हायचं तर पृष्ठभागावरचे खड्डे-उंचवटे लाटेपेक्षा पुष्कळ लहान हवेत. रंग दिलेली भिंत हाताला कितीही गुळगुळीत लागली तरी उजेडाच्या लाटेसाठी ती डोंगरदऱ्यांचा मुलूख आहे. उजेड तिच्यावर पडतो आणि दाही दिशांना विखुरतो. आवाजाच्या हातभर, वावभर लाटेला ते डोंगर लागतही नाहीत. तिच्यासाठी भिंत चकचकीत आहे. म्हणजे आपण ज्या खोल्यांमधून आयुष्यभर वावरतो त्या सगळ्या आवाजाच्या दृष्टीनं आरसेमहाल आहेत. डोळे मिटून रिकाम्या खोलीत टाळी वाजवली की ते जाणवतं. घर बदलताना सामान गेल्यावर खोली अनोळखी वाटते त्याचं एक कारण हेच असावं: पडदे, गाद्या, कपडे आवाज पिऊन टाकत होते, आता भिंतींनी आपापले आरसे उघडे केले.

मी लहान होते तेव्हा आई-बाबांच्या खोलीला लागून माझी खोली होती. रात्री त्यांचं दार बंद झालं की त्यांचं बोलणं सुरू व्हायचं. एक शब्द कळायचा नाही. पण बाबांचा खर्ज आणि आईचा मधला सूर वेगळे ओळखू यायचे. कोण विचारतंय, कोण उत्तर देतंय, कोण हसलं, हेही कळायचं. त्या गुणगुणीवर मी झोपायचे. एका रात्री ती गुणगुण बदलली. आवाज चढले नव्हते, उलट खाली आले होते. बाबा थोडं बोलायचे, मग लांब शांतता. आईचा सूर एकाच पातळीवर, सपाट. मला शब्द एकही ऐकू आला नाही, पण घरात काहीतरी मोडलं आहे हे मला पांघरुणात पडल्या पडल्या नक्की ठाऊक झालं. सकाळी कुणी काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आज इतक्या वर्षांनीही मला तो सपाट सूर आठवतो, आणि त्यात काय बोललं गेलं ते मी आजवर आईला विचारलेलं नाही.

शब्द का कळत नाहीत आणि सूर का कळतो, हे मला फार पुढे समजलं. बोलण्यात स्वर असतात आणि व्यंजनं असतात. आ, ओ, ऊ यांचा जोर खालच्या पट्टीत असतो. त्यांच्या लाटा लांब, काही मीटरभर, काही हातभर. दारावरून, कडेवरून त्या सहज वळतात, बंद दाराची फळीसुद्धा त्यांच्याबरोबर थरथरून त्यांना पलीकडे पोचवते. स, श, च, त, ख यांची धार मात्र वरच्या पट्टीत असते. 'स'चा सीत्कार चार ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास; लाटेची लांबी आठ सेंटिमीटर, चार सेंटिमीटर. या लाटा उजेडासारख्या वागू लागतात. सरळ जातात, आड आलेल्या गोष्टीवर अडतात, पडद्यात जिरतात. आणि अर्थ तर बहुतेक व्यंजनांतच असतो. 'काम', 'साम', 'दाम', 'नाम' यांतलं पहिलं व्यंजन काढून घेतलं की उरतो फक्त 'आम'. दाराआडून आपल्याकडे येतो तो हा 'आम'. कोण बोलतंय आणि कुठल्या मनानं, एवढं पोचतं. काय म्हणालं, ते दार ठेवून घेतं.

ते 'कुठल्या मनानं' मला त्या वयात सगळ्यात जड गेलं.

लांब लाटांची ही वळणं कुठपर्यंत जाऊ शकतात याचं सर्वांत थोर उदाहरण म्हणजे इंडोनेशियातला क्राकाटोआ. ऑगस्ट 1883 मध्ये तो ज्वालामुखी फुटला तेव्हा 4,800 किलोमीटर दूर, हिंदी महासागरातल्या रॉड्रिग्ज बेटावर, सुमारे चार तासांनी लोकांना लांबून तोफा डागल्यासारखा आवाज ऐकू आला. तिथून त्या स्फोटाचा उजेड दिसणं शक्यच नव्हतं. मध्ये पृथ्वीची पाठ होती. कानाला न कळणारी त्याची दाबाची लाट तर पृथ्वीला अनेक फेऱ्या घालत राहिली, आणि जगभरच्या वायुभारमापकांवर प्रत्येक फेरीला एक खूण उमटली. हे वाचताना मला नेहमी ती बेटावरची माणसं दिसतात, क्षितिजाकडे बघत उभी. आवाज आला आहे, दिसत काहीच नाही.

पण आवाज येतो म्हणजे नेमकं काय येतं? आईच्या ओठांतून निघालेली हवा माझ्या कानापर्यंत येत नाही. ती तिथेच, तिच्यापाशीच राहते; फक्त पुढच्या हवेला ढकलते, ती तिच्या पुढच्या हवेला, आणि प्रत्येक थर आपल्या जागी परत येतो. कानाशी येऊन धडकते ती माझ्याच कानाजवळची हवा. म्हणजे आवाजाला मध्ये कुणीतरी लागतंच. 1660 साली रॉबर्ट बॉईलनं काचेच्या भांड्यातली हवा पंपानं काढत नेण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. आत टांगलेलं घड्याळ दिसत होतं, टिकटिक मात्र विझत गेली. मला त्या प्रयोगातला आवाज जाण्यापेक्षा घड्याळ दिसत राहण्याचा भाग जास्त विलक्षण वाटतो. हवा गेली, ऐकू येणं गेलं, आणि काटा तसाच फिरताना दिसतो आहे. उजेडाला कुणीही लागत नाही. ही गोष्ट पचवणं माणसाला इतकं अवघड गेलं, की पुढची दोनशे वर्षं मोठमोठ्या माणसांनी 'ईथर' नावाचं एक न दिसणारं माध्यम मानून ठेवलं. लाट आहे म्हणजे कशाची तरी असणारच! 1887 मध्ये मायकेलसन आणि मोर्ली यांनी त्या ईथरचा वारा शोधायला अतिशय नाजूक प्रयोग केला. वारा सापडला नाही. उजेड विजेचं आणि चुंबकाचं क्षेत्र आलटून पालटून उभं करत स्वतःच स्वतःला पुढे नेतो, पोकळीतून, एकटा.

या एकटेपणाबद्दल मला मनापासून आदर आहे, आणि थोडी भीतीही वाटते. सूर्य आपल्याला 8 मिनिटं 20 सेकंदांत दिसतो. मध्ये सगळीकडे आपल्यासारखीच हवा असती तर त्याचा आवाज यायला जवळजवळ चौदा वर्षं लागली असती. पण हवा नाही, म्हणून येतच नाही. आवाज करण्यासारखं मात्र त्याच्यात पुष्कळ आहे. 1960 च्या सुमारास लक्षात आलं की सूर्याचा पृष्ठभाग साधारण पाच मिनिटांच्या ठेक्यानं वरखाली होतो. आत कोंडलेल्या ध्वनिलहरी त्याला एखाद्या घंटेसारखं सतत हलवत असतात. आपल्या कानांना ऐकू येईल त्याच्या कितीतरी खालचा तो सूर आहे. तो बाहेर पडू शकत नाही. पण पृष्ठभाग आपल्याकडे येतो तेव्हा तिथला उजेड किंचित निळ्याकडे सरकतो, दूर जातो तेव्हा तांबड्याकडे, आणि त्यावरून सूर्याच्या पोटात काय चाललं आहे हे वाचता येतं. न ऐकू येणाऱ्या आवाजाचा निरोप उजेड घेऊन येतो. हे वाक्य मी लिहिलं आणि आईचा चेहरा डोळ्यांपुढे आला. का, ते पुढे सांगते.

दोघांचं थरथरणंही वेगळं. हवेतला आवाज ज्या दिशेनं जातो त्याच दिशेनं हवेला मागेपुढे हलवतो, गर्दीत मागून रेटा यावा तसा. म्हणून त्याला अनुतरंग म्हणतात. उजेडाचं कंपन प्रवासाच्या दिशेला आडवं, दोरीला झटका दिल्यासारखं. आणि आडवं म्हटलं की प्रश्न येतो, कुठलं आडवं? वरखाली की डावं-उजवं? या निवडीलाच ध्रुवण म्हणतात. 1808 मध्ये माल्यूस हा फ्रेंच शास्त्रज्ञ पॅरिसमध्ये एका राजवाड्याच्या खिडकीवरून परावर्तित झालेला मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून बघत होता. स्फटिक फिरवला तशी दुहेरी दिसणारी प्रतिमा एकीकडे मंद आणि दुसरीकडे ठळक होत गेली. ध्रुवण करणाऱ्या चष्म्याच्या दोन काचा एकीवर एक धरून फिरवल्या तर काळोख होतो, तो याच कारणानं. हवेतल्या आवाजाला असं फिरवून विझवता येत नाही, त्याला डावं-उजवं नाहीच. गंमत म्हणजे उजेड ही लाट आहे हे ठासून मांडणारा थॉमस यंग आधी आवाजाचाच अभ्यास करत होता. दोन सूर एकमेकांवर येऊन कधी फुगतात, कधी पुसले जातात, हे त्यानं कानानं जाणलं, आणि 1801 च्या सुमारास तेच उजेडाला लावून पाहिलं. आवाजाचंच उदाहरण समोर असल्यामुळे त्यालाही सुरुवातीला उजेडाचं कंपन पुढेमागेच वाटलं होतं. आडवं आहे हे पुढे फ्रेनेलनं पक्कं केलं.

पोहायला शिकले त्या उन्हाळ्यात मला या दोघांची आणखी एक फारकत अंगावर अनुभवायला मिळाली, तेव्हा नाव माहीत नव्हतं. तळाशी बसून मी श्वास रोखून धरायचे. वर बघितलं की पाण्यातून दिसणारं जग वाकडं, हलतं, पण प्रत्येक गोष्टीला दिशा होती. कुणी पाण्यात बुडालेला लोखंडी कठडा ठोकला तर मात्र तो आवाज कुठूनच यायचा नाही. तो थेट डोक्याच्या आत वाजायचा. हवेतून पाण्यात जाताना उजेड मंदावतो, त्याचा वेग पाऊणपट होतो. आवाज उलट सव्वाचार पट धावतो, सेकंदाला सुमारे 1,480 मीटर. पोलादात तर पाच हजारांच्या पुढे. जे जितकं ताठ, दाबायला अवघड, तिथे आवाजाला तितकं घरचं वाटतं. आवाज डावीकडून आला की उजवीकडून, हे आपण दोन कानांतल्या क्षणभराच्या फरकावरून ओळखतो. पाण्यात तो क्षण सव्वाचार पटींनी आखूड होतो आणि मेंदू गोंधळतो. मला ते फार आवडायचं. दिशा नसलेला आवाज आपलाच असल्यासारखा वाटतो.

एका बाबतीत मात्र दोघं सारखे वागतात. गरम हवेत दोघांचाही वेग वाढतो, उजेडाचा अगदी नाममात्र, आवाजाचा चांगला जाणवेल इतका, आणि दोघंही थंड बाजूला झुकतात. दुपारी तापलेल्या रस्त्यावर पाणी चमकल्याचा भास होतो तो उजेड वर वळल्यामुळे. त्याच दुपारी आवाजही वर निघून जातो, लांबची हाक पोचत नाही. रात्री जमीन गार पडते, वरची हवा ऊबदार राहते, आणि आवाज खाली वाकून लांबवर येतो. रात्री दूरची रेल्वे उशाशी आल्यासारखी ऐकू येते त्यात शांततेचा वाटा आहेच, पण या वाकण्याचाही आहे.

आणि एक प्रयोग असा आहे ज्यात आवाज स्वतः उजेडाला वळवतो. द्रवातून अतिशय उंच, कानाला न कळणारा आवाज सोडला की द्रवात दाट-विरळ पट्ट्या पडतात, आणि त्यांच्यातून आडवा जाणारा उजेड फुटून अनेक दिशांना जातो. 1932 मध्ये हे अमेरिकेत आणि फ्रान्समध्ये दिसलं. त्याचं नेटकं गणित 1935 च्या सुमारास मांडलं ते सी. व्ही. रामन आणि नागेंद्र नाथ यांनी. रामन यांची ओळख उजेडाचे शास्त्रज्ञ अशी, पण त्याआधी कितीतरी वर्षं ते तंतुवाद्यांच्या आणि मृदंगाच्या नादात बुडालेले होते. ज्याला दोन्ही लाटा ओळखीच्या होत्या, त्यालाच एकीनं दुसरीला कसं वळवलं हे उलगडावं, याचा मला आनंद होतो.

तरीही मला सगळ्यात खोल शिरलेली गोष्ट फार जुन्या काळातली आहे. विश्वाच्या सुरुवातीची पावणेचार लाखांहून अधिक वर्षं उजेड मोकळा नव्हता. सगळीकडे तापलेला, विस्कटलेल्या कणांचा दाट रस. उजेड चार पावलं जायचा आणि एखाद्या इलेक्ट्रॉनवर आदळून भलतीकडे वळायचा. पण त्या रसातून दाबाच्या लाटा जात होत्या, म्हणजे आवाजच, आणि त्यांचा वेग होता उजेडाच्या निम्म्याहून जास्त. मग विश्व सुमारे तीन हजार अंशांपर्यंत निवलं, अणू बांधले गेले, उजेड सुटला आणि आजतागायत चालतोच आहे. त्या क्षणी आवाज जिथे होता तिथे थिजला. त्या थिजलेल्या लाटांची खूण अजून आहे: दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखे ताऱ्यांचे समूह, एकमेकींपासून सुमारे 50 कोटी प्रकाशवर्षं अंतरावर असण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा किंचित जास्त भरतं. 2005 मध्ये आकाशाच्या मोठ्या पाहण्यांतून ते स्पष्ट झालं. म्हणजे एक काळ असा होता, की उजेडाला वाट नव्हती आणि आवाजाला होती. सारं विश्वच दाराआड होतं.

आता आईबद्दल. गेली तीन-चार वर्षं आई आमच्या बोलण्यात 'काय?' म्हणते. पहिल्यांदा आम्ही तेच पुन्हा म्हणायचो, मग मोठ्यानं, मग आणखी मोठ्यानं, आणि शेवटी 'जाऊ दे, काही नाही' असं. त्या 'जाऊ दे'ची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते. ती म्हणायची, "ओरडू नकोस गं. ऐकू येतंय मला, कळत नाहीये." मी ते हट्टीपणात जमा करायचे. ऐकू येतं आणि कळत नाही म्हणजे लक्ष नाही, एवढाच अर्थ मला लागायचा. गेल्या वर्षी कानाच्या तपासणीनंतर डॉक्टरांनी एक आलेख दाखवला. डावीकडे, खालच्या सुरांपाशी, रेघ जवळजवळ माझ्यासारखी. उजवीकडे जाताना ती घसरत घसरत तळाला टेकली होती. दोन हजार हर्ट्झच्या पुढे आईला फार कमी उरलं आहे. कानातल्या शंखात उंच सुरांच्या पेशी अगदी तोंडाशी असतात, खर्जाच्या आत खोलवर. आणि झीज तोंडापासून सुरू होते. माणसात त्या पेशी परत उगवत नाहीत.

त्या कागदाकडे बघताना मला काहीच सुचलं नव्हतं. पॅसेजमध्ये लेकीच्या प्रश्नावर जागी राहिले तेव्हा ते एकदम जुळलं. वरचे सूर गेले, खालचे राहिले; व्यंजनं गेली, स्वर राहिले. मी लहानपणी बंद दारापलीकडून तिला जशी ऐकत होते, तशी ती आता मला ऐकते आहे. मी समोर बसून बोलत असले तरी. कोण बोलतंय ते तिला कळतं, मी वैतागले आहे हे तर शब्द न कळताही लगेच कळतं, आणि काय म्हणाले ते दाराशी राहतं. ओरडून उपयोग नव्हता, कारण ओरडताना माणूस स्वरांनाच फुगवतो. 'स' आणि 'त' फारसे मोठे होत नाहीत. मी तिच्याकडे नुसता मोठा 'आ' फेकत होते, रागानं भरलेला.

आणखी एक गोष्ट होती. संध्याकाळी बोलता बोलता आई म्हणते, "दिवा लाव गं, ऐकू येत नाहीये." घरात सगळे या वाक्यावर हसतात. मीही हसले आहे. आता कळतं की त्या वाक्यात हसण्यासारखं काही नव्हतं. कानाला न पोचणारा 'प' ओठ मिटताना दिसतो, 'व' खालच्या ओठावर दात टेकताना दिसतो, 'ओ' गोल होताना दिसतो. लाटांची जी धार आवाजातून गळून पडली आहे ती आई उजेडातून परत मिळवते. ती माझ्या तोंडाकडे टक लावून बघते तेव्हा मला आधी अवघडल्यासारखं व्हायचं, म्हणून मी बोलताना मान वळवायचे, भाजी निवडायला घ्यायचे, पाठमोरी होऊन भांडी लावत उत्तरं द्यायचे. तेवढ्या प्रत्येक वेळी मी दार लोटून घेत होते.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला दोन पेन्सिली दिल्या. एका डोळ्यापाशी शेजारी शेजारी धरून, मध्ये केसाएवढी फट ठेवून, लांबच्या लहानशा दिव्याकडे बघायचं. सूर्याकडे अजिबात नाही. फट अरुंद करत गेलं की दिवा पातळ व्हायला हवा. तसं होत नाही. तो आडवा पसरतो, आणि पसरलेल्या उजेडात काळ्या बारीक रेघा उठतात. तिला पहिल्यांदा दिसलं नाही. तिसऱ्यांदा ती श्वास धरून थांबली, पेन्सिली चिमटीत आवळल्या, आणि ओरडली, "वळला!" मी तिला सांगितलं की काल मी अर्धंच सांगितलं होतं. फट एवढी लहान केली की उजेडालाही वळावं लागतं. तिनं ते माझ्याकडून पूर्ण ऐकूनही घेतलं नाही. पेन्सिली तशाच धरून ती आजीच्या खोलीकडे पळाली.

मी मागोमाग गेले. आई खिडकीजवळच्या खुर्चीत होती. लेक दारातूनच, खिडकीच्या उजेडाला अर्धी पाठ करून म्हणाली, "आजी, उजेडपण वळतो!"

"काय गं?" आईनं विचारलं.

लेक तोंड उघडून थांबली. मग ती खोलीत आली, आजीच्या गुडघ्याशी वळसा घालून खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. सकाळचा उजेड तिच्या चेहऱ्यावर, ओठांवर पडला. आईनं चष्मा सारखा केला आणि तिच्या तोंडाकडे बघू लागली. मग लेकीनं ते पुन्हा सांगायला सुरुवात केली, हळू, एकेक अक्षर सोडवत.